नानांच्या घरातली बेरोजगार

लोकांच्या घरी जायचं, बेल वाजवायची आणि 'मागच्या आठवड्यात तुम्ही काय काम केलं?' असं विचारायचं, यावर मी अर्धं आयुष्य पोट भरलं. अशा बाईला लोक काय काय समजतात ते विचारू नका. गॅसवाली, पोलिओवाली, विम्यावाली, मतदार यादीवाली. सक्करदऱ्याच्या एका आजींनी तर मी नातवासाठी स्थळ घेऊन आलेय असं समजून पोहे केले होते. पोहे खाऊन झाल्यावर मी खरं काय ते सांगितलं. धंद्यात थोडं शहाणपण लागतंच.

आमचं ऑफिस धरमपेठेत, एका दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर. श्रमबाजाराचा अभ्यास करणारी संस्था. नाव लांबलचक, जिना अरुंद. वरच्या खोल्यांतले संशोधक शोधनिबंध लिहायचे, सरकारला धोरणासाठी अहवाल द्यायचे. आम्ही क्षेत्र-अन्वेषक, म्हणजे मराठीत सांगायचं तर उन्हात हिंडणारे. कंत्राटी कामगारांच्या हालांवर आमच्या संस्थेचा एक फार नावाजलेला अहवाल आहे. त्याची माहिती गोळा करणारे आम्ही सगळे कंत्राटीच होतो. प्रकाशन समारंभात आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं होतं, पण समोसा सगळ्यांना मिळाला, हे नमूद केलं पाहिजे.

आता बेरोजगार कोण, हे सांगते. काम नाही तो बेरोजगार, असं तुम्ही म्हणाल. आमच्या शास्त्रात तसं चालत नाही. तिथे माणसांसाठी तीन खण असतात. काम करतो तो पहिल्या खणात. काम नाही, पण हवंय, मिळालं तर लगेच जायला तयार आहे, तो दुसऱ्या खणात. हाच आमचा बेरोजगार. आणि काम नाही, नकोही आहे, तो तिसऱ्या खणात. शाळकरी पोरं, म्हातारी माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बायका तिथे सापडतात. तिसऱ्या खणातली माणसं बेरोजगारीच्या हिशेबात धरतच नाहीत. त्यामुळे एखाद्या वस्तीतली सगळी माणसं निराश होऊन 'आता काम नकोच' म्हणायला लागली, तर कागदावर त्या वस्तीतली बेरोजगारी कमी होते. नवीन असताना मी आमच्या देशकर सरांना विचारलं होतं, "सर, हे बरोबर आहे का?" देशकर सर संस्थेचे मुख्य संशोधक. माणूस सज्जन. चष्मा पुसत म्हणाले, "व्याख्या बरोबर आहे."

दुसऱ्या आणि तिसऱ्या खणाच्या मधे एकच प्रश्न उभा असतो: काम मिळालं तर करायला तयार आहात का? हा प्रश्न शक्यतो ज्याचा त्याला विचारावा, असा नियम आहे. आणि आपल्याकडची पद्धत अशी की घरातल्या वडीलधाऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं उत्तरं द्यायची. सून आत असते, सासरे बाहेर खुर्चीत असतात, आणि सुनेला काय हवं ते सासऱ्यांना तोंडपाठ असतं. यावर माझा साधा उपाय होता. मी प्यायला पाणी मागायची आणि ते आणून देण्याआधीच स्वतः उठून स्वयंपाकघरात जायची. बाईमाणूस म्हणून कोणी अडवत नसे. पाण्यानं माझं पोट दिवसभर डबडबलेलं असायचं, पण उत्तरं खरी मिळायची.

महाल भागातल्या नानांच्या घरी मी अशीच आत गेले होते.

त्या अभ्यासात निवडलेल्या प्रत्येक घरी वर्षभरात चार फेऱ्या करायच्या होत्या, दर तीन महिन्यांनी एक. तेच घर, तीच माणसं, तेच प्रश्न. नाना सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले. जुने कागद सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी आधी माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मागचा शिक्का पुसट आहे, तो नवीन मारून घ्या, असा सल्ला दिला. मग हातातला पेपर घडी करून ठेवला आणि साक्षीदारासारखे ताठ बसले. घरात बायको मालतीबाई, मुलगा समीर आणि सून पल्लवी. समीर बुटीबोरीला एका कारखान्यात, पाळीवर. इथवर सुरळीत चाललं.

"आणि सूनबाई?"

"घरीच असते."

"काम मिळालं तर करायला तयार आहेत का?"

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "तिला कशाला लागते काम? आपल्या घरात काय कमी आहे? लिहा, नाही."

मी पाणी मागितलं आणि उठले. आत सासू-सून समोरासमोर बसून लाल मिरच्यांचे देठ खुडत होत्या. पल्लवी भिवापूरकडची. तिच्या वडिलांच्या शेतातून वर्षाची मिरची यायची. मला ठसक्यावर ठसके, आणि त्या दोघी जशा काही शेंगा सोलून राहिल्या होत्या. मी पल्लवीला तोच प्रश्न विचारला. तिनं सासूकडे पाहिलं.

"सांग ना वं," मालतीबाई म्हणाल्या, "तुलेच विचारून राहिल्या त्या."

"नाना बोलले ना," पल्लवी मान खाली घालून म्हणाली. "तेच लिहा."

मी लिहिलं. म्हणजे टॅबवर बोट टेकवलं. जिना उतरत होते, तर मागून कचऱ्याचा डबा घेऊन ती खाली आली. डबा रिकामाच होता.

"मॅडम, हो म्हटलं असतं तर काम भेटलं असतं का?"

"नाही हो. आम्ही काम देत नाही. आम्ही फक्त विचारतो."

ती पायरीवर थांबली. "मंग विचारता काहून?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न लोकांनी रागानं विचारला होता, टिंगलीनं विचारला होता. तिनं अगदी साधेपणानं विचारला. धोरण, नियोजन असं काहीतरी मी पुटपुटले. ती 'बरं' म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन वर गेली. मला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून करायचं काय? नोकरीच्या जागा सांगायच्या नाहीत, घरच्यांना समजवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद. देशकर सर म्हणायचे, "आपण आरसा धरायचा. समोरच्याचा भांग पाडायला जायचं नाही." कारण आम्हीच घरात ढवळाढवळ केली, तर तीन महिन्यांनी आम्ही मोजणार ते आमचंच कर्तृत्व. तत्त्व मला पटत होतं. तरी परतीच्या ऑटोत मी त्या तत्त्वाला दोनचार शिव्या दिल्याच.

दुसऱ्या फेरीला नाना तयारीत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मागच्या वेळचंच सगळं. बदल काही नाही."

"तरी विचारावं लागतं नाना. सूनबाई काम मिळालं तर..."

"तयार आहे."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. पल्लवी पदराला हात पुसत उभी होती. चेहरा पांढराफटक, पण नजर माझ्यावर. "लिहा मॅडम. काम भेटलं तर मी तयार आहे."

टॅबवर बोट टेकवायला मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही.

नानांनी खाकरून घसा साफ केला. "काय लिहिलं?"

"त्या तयार आहेत, असं."

"म्हणजे आता ती कशात गेली?"

खोटं कसं सांगणार? "आता त्या बेरोजगार या वर्गात येतात."

"बेरोजगार?" नाना उठूनच उभे राहिले. "माझ्या घरात बेरोजगार? अहो, खाऊनपिऊन सुखी घर आहे हे! मागच्या वेळी होती का ती बेरोजगार?"

"नव्हत्या."

"मग तीन महिन्यांत झालं काय?"

"मागच्या वेळी नाही म्हणाल्या होत्या, या वेळी हो म्हणाल्या."

"म्हणजे काम नको म्हटलं तर बेरोजगार नाही, आणि काम करतो म्हटलं की बेरोजगार? हा फॉर्म कोणी बनवला?"

देशकर सर असते तर त्यांनी चष्मा पुसला असता. नाना म्हणाले, "खोडा ते." मी म्हटलं, खोडता येत नाही, नोंद झाली. हा शब्द मात्र त्यांना पुरता समजला. नोंद झाली की झाली, हेच तर ते जन्मभर काउंटरपलीकडच्या लोकांना सांगत आले होते. ते खाली बसले. आतून मालतीबाईंच्या हसण्याचा असा काही आवाज आला की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. ते मला तिसऱ्या फेरीत मालतीबाईंनी सांगितलं, नाना समोर बसलेले असताना, त्यांच्याकडे बोट दाखवून दाखवून.

"तुम्ही गेल्या अन् यांना जेवण गोड लागेना. म्हणे, सरकारी रेकॉर्डला आपल्या घरात एक बेरोजगार लागली. पुढच्या तपासणीच्या आत दुरुस्ती पाह्यजे! मी म्हटलं, अहो, त्या बाईचा तो धंदा आहे, तुमचं काय जाते? पण यांच्या डोक्यात ऑडिट बसलं."

ऑडिटचा आक्षेप आला की त्याची पूर्तता करायची, ही नानांच्या हाडात मुरलेली सवय. त्यांनी पल्लवीसाठी खरोखरच काम शोधायला सुरुवात केली. ओळखीच्या शाळेत गेले, पतसंस्थेत गेले. कुणाला अनुभव हवा होता, कुणाला वय कमी हवं होतं. शेवटी काम पल्लवीनंच काढलं. तिचे काका दरवर्षी कळमन्याच्या बाजारात ज्या अडत्याकडे मिरची उतरवायचे, त्याला माल पारखणारं आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारं माणूस हवं होतं. मिरची हातात घेऊन तिचा रंग, कोरडेपणा, बियांचा आवाज बघायचा, प्रत ठरवायची, फोटो पाठवायचे. पल्लवी लहानपणापासून हेच बघत वाढलेली.

"बाजारात?" नाना म्हणाले होते. "हमाल, ट्रकवाले, दलाल, आणि मधे आपली सून?"

पण आक्षेप उभाच होता. शेवटी नाना स्वतः जागा बघायला गेले. नाकाला रुमाल लावून, पोत्यावर बसून, शिंकत शिंकत त्यांनी अर्धा दिवस पाहणी केली. त्या दुकानाच्या गादीवर आजवर बाई बसलेली नव्हती. त्यामुळे बाईमाणसासाठी वेगळ्या बाथरूमची सोय नाही, हे पहिल्यांदा नानांच्या ध्यानात आलं. त्यांनी अडत्या शेठला तिथेच सुनावलं, "आधी ही सोय करा, मग माझी सून येईल." शेठ म्हणे हसला, पण मागची खोली रिकामी करून त्यानं सोय केली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचं प्रमाण कसं वाढवावं यावर आमच्या संस्थेत दोन दिवसांची परिषद झाली होती. तीत जेवण चांगलं होतं. नानांनी तो विषय एका पोत्यावर बसून संपवला.

पल्लवी संध्याकाळी घरी आली तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. बोटांची टोकं लाल, अंगाला मिरचीचा वास, आणि तोंडावर हसू. "मॅडम, पहिल्या दिवशी सारे हमाल उभे राहून पाहत होते. मी मिरची कानाशी वाजवली अन् म्हटलं, हा माल ओला आहे, बाजूले ठेवा. मंग एक म्हातारा हमाल म्हणते, पोरगी मिरचीच्या घरची दिसते. तवापासून कोणी नाही पाहत."

नानांनी विचारलं, "आता कोणत्या वर्गात?"

"काम करणाऱ्या."

"मागची नोंद?"

"ती तशीच राहील नाना. ती त्या वेळची."

"राहू द्या," नाना म्हणाले. त्यांची पूर्तता झाली होती.

मला त्या घराचा लळा लागला होता. आमच्या धंद्यात हे चालत नाही. चार फेऱ्या झाल्या की ते घर यादीतून निघतं आणि पुन्हा तिथे जायचं काही कारण उरत नाही. अशी किती घरं माझ्या हातून गेली. त्यांतली माणसं टक्केवारीत दशांश चिन्हाच्या उजवीकडे कुठेतरी विरघळली, आणि पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. ही माझ्या नोकरीतली खरी खंत. पगाराची नाही.

चौथ्या फेरीची वेळ ठरवायला मी फोन केला, तर पल्लवीचा आवाज बसलेला.

"आई न्हाणीत पडल्या मॅडम. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून वॉकरशिवाय उभं राहणं होत नाही. मी सुट्टीवर आहे." मग म्हणाली, "नवा माल यायले लागेपर्यंत जागा ठेवतो म्हणाले शेठ. त्याच्या पुढे नाही. मी त्यांना सांगून टाकते आता, नाही जमत म्हणून."

"सासूबाई सोड म्हणाल्या का?"

"त्या कायले म्हणतात! त्या तर रोज माह्यावर चिडतात, जा म्हणून. हे पाळीवर असतात, पण नानाही म्हणतात, मी पाहतो. पोळ्या करून राहिले ते, तालुक्याचे नकाशे होतात साऱ्या. पण बिछान्यावर पडलेल्या माणसाले टाकून कशी जाऊ जी मी? मी घरात सांगितलं, आई आपल्या पायानं दारापर्यंत आल्या, तर जाईन. नाही तर राहू द्या ते काम."

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. तिला सांगावंसं वाटत होतं की बाई, एकदा सोडलेली अशी जागा बायकांना पुन्हा मिळत नाही, हे मी घरोघरी पाहिलंय. मी 'काळजी घ्या' म्हटलं आणि फोन ठेवला. आरसा धरणाऱ्याचे हात कधी कधी फार दुखतात.

मधे काही आठवडे गेले. कळमन्यात नवी मिरची उतरायला लागल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा पहिली आठवण पल्लवीची झाली. चौथ्या फेरीला मी सकाळी लवकर गेले. पल्लवी घरी असो की कामावर, निघायच्या आत तिचं उत्तर तिच्या तोंडून घ्यायचं होतं. जिना चढताना मनात एकच होतं, की आज हिला पुन्हा तिसऱ्या खणात टाकायची वेळ माझ्यावर येऊ नये.

वरचं दार सताड उघडं होतं आणि चौकटीत मालतीबाई उभ्या होत्या. वॉकर नाही, काठी नाही. नीट नेसलेलं पातळ, कपाळाला कुंकू, एक हात चौकटीवर. शेजारी पल्लवी तोंडाला स्कार्फ गुंडाळत होती, खांद्यावर पर्स, हातात डबा.

"अरे वा!" मी म्हटलं. "उभ्या राहिल्या की तुम्ही!"

"मंग!" मालतीबाई म्हणाल्या. "आता नाचाचीच बाकी आहे मी."

पल्लवीनं मला तिथेच, एक चप्पल घालता घालता, उत्तरं दिली. मागच्या आठवड्यात काम केलं. सगळे दिवस केलं. मधे सुट्टी झाली होती, आता जाते. मग सासूकडे वळली. "दुखत नाही ना आई?"

"दुखते कायचं? रोज रोज काय विचारतं वं तू! जा, उशीर होऊन राहिला तुले."

"नाना कुठे गेले?"

"असतील इथंच. जा म्हटलं ना."

पल्लवी हसली आणि धडधडत जिना उतरली. खाली मोपेड सुरू झाली. मालतीबाईंनी हात हलवला. तिनंही बहुतेक वर बघून हलवला असावा, कारण यांचं हसू आणखी मोठं झालं. मी काही बोलणार, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. त्या ऐकत होत्या. मोपेडचा आवाज गल्लीतून पुढे गेला, कोपऱ्यावरच्या देवळाजवळ हॉर्न वाजला आणि मग काही ऐकू येईना.

"गेली," मालतीबाई म्हणाल्या.

उघड्या दाराच्या मागून नाना बाहेर आले. इतका वेळ ते भिंतीला चिकटून उभे होते, दोन्ही हातांत प्लास्टिकची खुर्ची धरून. त्यांनी ती झटकन बायकोच्या मागे सरकवली, एका हातानं तिचा दंड धरला आणि तिला हळूहळू खाली बसवलं. मालतीबाईंचा चेहरा घामानं डबडबला होता. हसू कधीच गेलं होतं. त्या ओठ दातांखाली धरून, डोळे मिटून बसल्या. नाना पेपरनं वारा घालायला लागले.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हणाले आहेत, सोसेल तेवढं उभं राहा म्हणून. ही आपलं सगळं सोसणं एवढ्या वेळासाठी वाचवून ठेवते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी गाडीचा आवाज आला की उठवतो. जिना चढेपर्यंत वेळ मिळतो तेवढा. तिच्यासमोर बोलू नका मॅडम. तिला वाटते आई बऱ्या झाल्या."

"होईनच ना बरी," मालतीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मिरचीचा हंगाम संपेपर्यंत होईन."

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खुर्चीत सरळ झाल्या, कुंकू विस्कटलं नाही ना ते नानांना विचारलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हं, विचारा आता काय विचारायचं ते."